सी-कोलन सरांचा पेनड्राइव्ह

सी-कोलन सर दिवसातले चार-पाच तास कॉम्प्युटरपुढे बसायचे, पण त्यांच्या कॉम्प्युटरला मॉनिटर नव्हता. बिघडला होता किंवा कुणी पळवला होता अशातला भाग नाही. सरांनीच तो काढून कपाटावर चढवला होता आणि त्याच्या जागी टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवला होता. मी पहिल्यांदा दुरुस्तीला गेलो तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, स्क्रीन कुठंय?" सर म्हणाले, "वर हाय. हितं त्येचं काय काम? नुसतं वीज खातंय."

सर जन्मापासून अंध होते. सोलापुरातल्या अंध मुलांच्या एका निवासी शाळेत ते मराठी आणि इतिहास शिकवायचे. गाव अक्कलकोटच्या खाली, कर्नाटकाच्या हद्दीला लागून; घरी कानडी, शाळेत मराठी आणि राग आला की दोन्ही. त्यांचा कॉम्प्युटर होता डॉसवर चालणारा, म्हणजे खिडक्या, चित्रं, माउस काही नाही; काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची आणि त्याचं उत्तर वाचायचं. सरांच्या बाबतीत वाचायचं काम एक डबा करायचा. पुस्तकाएवढा लोखंडी डबा, त्याला छोटा स्पीकर, आणि पडद्यावर जे उमटेल ते तो नाकातल्या नाकात इंग्रजीत बोलून दाखवायचा. प्रत्येक कामानंतर डॉस जिथं येऊन थांबतो ती ओळ सी आणि अपूर्णविरामाने सुरू होते. त्यामुळे त्या खोलीतून दिवसभर "सी कोलन, सी कोलन" असा जप चालायचा. वसतिगृहातल्या मुलांनी सरांचं बारसं तिथंच उरकलं होतं, आणि सरांना ते ठाऊक होतं.

माझं नवी पेठेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मूळ गाव केम, म्हणून सरांनी मला पहिल्याच दिवशी केमकर करून टाकलं. माझं खरं आडनाव त्यांनी कधी विचारलं नाही. माझा स्वभाव तसा बरा नाही. गिऱ्हाइकाने दहा वर्षांचं मशीन आणलं की मी झाकणसुद्धा न उघडता सांगतो, फेकून द्या. सरांनाही तेच सांगितलं. म्हटलं, "सर, हे डबडं आता भंगारात घाला. ह्याचे पार्ट मिळत न्हाईत." सर माझ्या आवाजाच्या दिशेने नीट तोंड करून म्हणाले, "तू दुकान कशाला काढलायस? दुरुस्तीला का फेकायला?" मी मुकाट्याने स्क्रू ड्रायव्हर काढला.

त्या दिवशी बिघाड निघाला तो कीबोर्डात. उलटा करून झटकला तर पसाभर कडक भाकरीचा चुरा पडला, त्यात शेंगाचटणीसुद्धा. सर जेवणाचा डबा कॉम्प्युटरपुढेच खायचे. मी जरा आवाज चढवूनच म्हटलं की इथं खात जाऊ नका. ते म्हणाले, "मग जेवताना काम कसं करायचं?" तो प्रश्न त्यांनी इतका मनापासून विचारला की मी पुढच्या वेळी जाताना कीबोर्डवर घालायचं प्लास्टिकचं कव्हर घेऊन गेलो. ते त्यांनी आठ दिवसांत काढून टाकलं, बोटांना अक्षर नीट लागत नाही म्हणून.

काम काय करायचे, तर पुस्तकं. अंध मुलांना बोटांनी वाचता येईल अशी ब्रेलमधली पुस्तकं. शाळेची क्रमिक पुस्तकं उशिरा का होईना मिळायची, पण बारावीनंतरची, स्पर्धा परीक्षांची, गोष्टींची कुठून आणायची? ती सर बनवायचे. कुणीतरी वाचून दाखवायचं आणि सर कीबोर्डवरच्या फक्त सहा कळा वापरून, तीन बोटं डावीकडची आणि तीन उजवीकडची, ब्रेलचे सहा ठिपके दाबत मराठी लिहायचे. मशीनला मराठीचा गंध नव्हता. ते ठिपके इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं समजून साठवायचं, आणि बोलून दाखवताना तीच चिन्हं बोलायचं. 'घर' लिहिलं की डबा म्हणायचा, "लेस दॅन, आर." 'आई' लिहिलं की म्हणायचा, "ग्रेटर दॅन, नाइन." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं मशीन बिघडलं. सर मात्र तो गलका ऐकून मध्येच थांबायचे, "वेलांटी चुकली," म्हणायचे आणि मागे जाऊन दुरुस्त करायचे. एकदा मला म्हणाले, "बघ, ह्या यंत्राच्या हिशेबानं आई नवापेक्षा मोठी हाय. म्हंजे येवढं तरी त्येला कळतंय."

लिहून झालं की फाइल जायची ब्रेल छापणाऱ्या यंत्राकडे. हे यंत्र शाई वापरत नाही, जाड कागदावर ठिपके ठोकतं, आणि ठोकताना असा आवाज करतं की शेजारच्या वर्गात शिकवणं बंद पडायचं. सर त्याला लोहार म्हणायचे. हा लोहार कुठल्यातरी देणगीतून फार वर्षांपूर्वी आलेला, आणि तो ऐकायचा फक्त त्या जुन्या डॉसच्या मशीनचं. नवीन कॉम्प्युटरला जोडून मी दोनदा पाहिलं. ढिम्म हलला नाही.

सरांनी नवे कॉम्प्युटर वापरून पाहिले नव्हते असं नाही. बोलणारे होते तेही. पण त्यांना ते मानवले नाहीत. "त्या तुमच्या नव्यात कुटनं काय उगवंल त्येचा पत्ता न्हाय," ते म्हणायचे. "मधीच कायतरी उघडतंय, मधीच विचारतंय, व्हय म्हणू का न्हाय म्हणू. हितं मी एक ओळ बोलतो, ते एक ओळ बोलतंय. मला दिसत न्हाय आन त्येलाबी दिसत न्हाय. बरोबरीचं हाय." माझ्यासारख्या माणसाला हे पटायला वेळ लागला. मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की जुनं ते अडाणी. त्या खोलीत मला पहिल्यांदा कळलं की चित्रांचा कॉम्प्युटर डोळेवाल्यांनी डोळेवाल्यांसाठी केलाय, आणि नंतर बाकीच्यांसाठी त्याला एक आवाज चिकटवून दिलाय.

डॉसमध्ये फाइलचं नाव आठ अक्षरांपेक्षा मोठं चालत नाही. ही अडचण आहे असं सरांना कधी वाटलंच नाही. आठ अक्षरांत मावत नाही असं नाव ठेवायचंच कशाला, असा त्यांचा सवाल. शाळेच्या फलकावरचं संस्थेचं लांबलचक नाव कुणी त्यांना वाचून दाखवलं की ते आठ अक्षरं मोजून थांबवायचे आणि म्हणायचे, "बास. पुढचं कापलं जातंय." एकदा संस्थेचे सचिव शेजारी उभे असतानाही सरांनी हेच ऐकवलं. सचिवांना ते आवडलं नसावं.

हे सचिव वाईट माणूस नव्हते, हे मला इथं लिहिलंच पाहिजे. निवृत्त अधिकारी, शिस्तीचे, शाळेसाठी दारोदार हिंडणारे. त्यांनीच खटपट करून सहा नवे कॉम्प्युटर मिळवले होते, आणि त्यांच्या मनात सरांच्या खोलीत ऐकण्याचं ग्रंथालय करायचं होतं. मुलं कानाला लावून पुस्तकं ऐकतील, ब्रेलचे ते बैलगाडीभर कागद हवेतच कशाला, असं त्यांचं म्हणणं. सरांचं म्हणणं एकाच वाक्याचं होतं. "ऐकणं म्हंजे वाचणं न्हवं." मग ते पुरावा द्यायचे. ऐकून ऐकून दहावीला चांगल्या गुणांनी पास झालेल्या एका मुलीला त्यांनी स्वतःचं आडनाव ब्रेलमध्ये लिहायला सांगितलं होतं. तिला ते कसं लिहितात हेच माहीत नव्हतं, कारण तिने ते कधी बोटाखाली घेतलं नव्हतं. हे सांगताना सरांचा आवाज कापायचा. रागाने कापतोय की दुःखाने, ते मला ठरवता यायचं नाही.

भांडण पेटलं ते फ्लॉपीवरून. सरांचे जुने विद्यार्थी आता कुणी बँकेत, कुणी कॉलेजात, आणि ते आपापल्या कॉम्प्युटरवर एखादं प्रकरण ब्रेलमध्ये लिहून सरांकडे छापायला पाठवायचे. पूर्वी फ्लॉपी, म्हणजे फाइल साठवायची चपटी चौकोनी चकती, पोस्टाने यायची. मग बाजारातून फ्लॉप्या गेल्या. घरात होत्या त्या सोलापूरच्या उन्हाने आणि बुरशीने खाल्ल्या. सरांच्या पत्र्याच्या डब्यातल्या शेवटी एकूण एक वाचेनाशा झाल्या, एक सोडून; आणि तीही दगा देईल म्हणून सर वापरायला धजत नव्हते. आता मशीनमध्ये नवं काही घालता येईना आणि आतलं बाहेर काढता येईना. सचिव मला सरांच्या देखत म्हणाले, "केमकर, तुम्हीच सांगा. ज्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लागत नाही, तो जिवंत म्हणायचा का?" जून महिन्यात शाळा उघडली की खोली रिकामी करायची, लोहारासकट, असं त्यांनी सांगितलं.

सर शांतपणे म्हणाले, "आन लागला तर?"

"लागला तर राहू द्या तुमचं मशीन."

"मी एकट्यानं लावून दाखवणार. ह्यो केमकर बाहेर व्हरांड्यात हुबा राहील."

मला न विचारता मला व्हरांड्यात उभं करण्यात आलं. बाहेर आल्यावर मी सरांना म्हटलं की एवढं कशाला, मी डिस्क काढून दुकानात नेतो, माझ्या मशीनला जोडतो, दहा मिनिटांत सगळी पुस्तकं पेनड्राइव्हवर घालून देतो. सर थांबले. "आज नेशील. उद्या नवं प्रकरण आलं तर? परवा? तू मेल्यावर?" मी म्हटलं, "सर, मी तुमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान हाय." ते म्हणाले, "त्येचा काय भरवसा न्हाय, लई तळलेलं खातोस तू."

खरं सांगायचं तर डॉसला पेनड्राइव्ह लावणं हे मी कधी केलं नव्हतं. डॉस बनला तेव्हा पेनड्राइव्ह नव्हते. मशीनच्या पाठीमागे यूएसबीची दोन भोकं होती, पण त्यात काही जोडलंय हे डॉसला कळतच नाही. चार दिवस इंटरनेट धुंडाळल्यावर कुठल्यातरी कंपनीने आपल्या सीडी ड्राइव्हसाठी कधीकाळी काढलेला एक छोटा प्रोग्राम सापडला. तो यूएसबीच्या भोकात डोकावतो. दुसरा एक प्रोग्राम सापडला, तो जे सापडेल त्याला डॉसच्या भाषेत ड्राइव्हचं अक्षर देतो. दोन्ही मिळून फ्लॉपीवर मावले, त्याच एका उरलेल्या फ्लॉपीवर. ती चालवताना सर हात जोडून बसले होते. देवाला जोडले होते का मशीनला, मी विचारलं नाही.

मग पेनड्राइव्हचं माप. डॉसला दोन जीबीपेक्षा मोठं घर कळत नाही आणि माझ्या दुकानात बत्तीसच्या खाली पेनड्राइव्ह नव्हता. मी त्यातला दोन जीबीचा तुकडा पाडून बाकीचा तसाच सोडला. सरांना सांगितल्यावर ते हळहळले, "तीस फुकट घालवलीस?" त्यांची आयुष्यभराची सगळी पुस्तकं मिळून त्या दोनातला कोपरासुद्धा भरत नव्हता, हे सांगितल्यावर मात्र त्यांनी तो पेनड्राइव्ह माझ्याकडून मागून घेतला आणि मुठीत धरून ठेवला.

पेनड्राइव्ह लागला. डी हे अक्षर आलं. मी माझा मॉनिटर दुकानातून उचलून आणला होता, त्यावर मला ते दिसलं आणि मी ओरडलो, "सर, आला!" सर म्हणाले, "मला का ऐकू येईना?"

बोलणारा डबा गप्प होता.

त्याचं कारण शोधायला मला पुढचा आठवडा लागला. डॉसला काम करायला जी जागा मिळते ती फार थोडी. एसटीच्या तिघांच्या बाकासारखी. यूएसबीचे दोघे बसले की डब्याला बोलायला लावणाऱ्या प्रोग्रामला बूड टेकायला जागा उरायची नाही. त्याला आधी बसवलं की यूएसबीवाले उभे. वरच्या जागेत सरकवून पाहिलं तर अख्खं मशीन गोठायचं. मी सगळ्या ओळी उलटसुलट करून पाहिल्या. शेवटी हात टेकले आणि सरांना सांगितलं, "सर, दोन्ही एकदम मिळणार न्हाई. आवाज घ्या, न्हाईतर पेनड्राइव्ह घ्या. पेनड्राइव्ह लावला तर मशीन मुकं होणार, आणि मग कुणीतरी डोळेवाला शेजारी लागणार."

मी हे जरा सहानुभूतीच्या सुरात म्हणालो असेन. सर एकदम उसळले. "कुणी सांगितलं लागणार? मी आंधळा हाय, यंत्र मुकं झालं. त्येनं काय बिघडलं? मुक्याशी बोलायला काय त्येचं तोंड लागतंय व्हय?"

दुसऱ्या दिवशी गेलो तर त्यांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. मशीन चालू होताना मी एक मेनू टाकायचा: एक दाबलं तर आवाज, दोन दाबलं तर पेनड्राइव्ह. मेनू पडद्यावर येईल तेव्हा आवाज नसणार, पण त्याची गरज नाही. मशीन चालू केलं की पहिली एक पीप होते. तिथून सर कानडीत आकडे मोजणार, ओंदु, एरडु, मूरु, आणि हत्तु आलं, म्हणजे दहा झाले, की दोन दाबणार. पुढे डिस्क फिरायची थांबली हे ते कॉम्प्युटरच्या पेटीला तळहात लावून ओळखायचे. त्यांनी माझा हात धरून पेटीवर ठेवला. "बघ. आता पळतंय. आता दम घेतंय. आता थांबलं." मी वीस वर्षं कॉम्प्युटर उघडत होतो, पण कधी असा हात लावून पाहिला नव्हता.

राहिला प्रश्न उत्तराचा. फाइल गेली की नाही हे मुकं मशीन सांगणार कसं? सर म्हणाले, त्याला पीप तरी करता येते ना? मग त्यांनी मला बाजूला बसवून दोन छोट्या आज्ञावल्या स्वतः लिहिल्या. एकीचं नाव 'आण', दुसरीचं 'ने'. 'आण' म्हटलं की पेनड्राइव्हवरचं सगळं आत, 'ने' म्हटलं की आतलं सगळं बाहेर. काम नीट झालं तर एक पीप, बिघडलं तर दोन. शेवटची ओळ लिहून झाल्यावर त्यांनी खुर्चीला टेकून विचारलं, "का रं केमकर, जमतंय का आंधळ्याला?" मी म्हटलं, "जमतंय की." मला त्या क्षणी फार लहान वाटलं आणि फार बरंही वाटलं.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी सचिव खोलीत आले. बोलल्याप्रमाणे सरांनी मला व्हरांड्यात काढलं, पण खिडकी उघडी होती आणि तिला गज सोडून काही नव्हतं. सचिवांनी खिशातून स्वतःचा पेनड्राइव्ह काढला. सरांच्या एका जुन्या विद्यार्थिनीने इतिहासाचं प्रकरण ब्रेलमध्ये लिहून शाळेच्या मेलवर पाठवलं होतं, ते त्यात घालून आणलं होतं. "हे छापून दाखवा," ते म्हणाले. तो पेनड्राइव्ह नवा कोरा, चौसष्टचा. डॉस त्याला ओळखसुद्धा देणार नव्हता. मला खिडकीतून ओरडून सांगावंसं वाटत होतं.

सरांनी तो लावला, मशीन चालू केलं, पीप ऐकली. ओठ हलत होते. हत्तुला त्यांनी दोन दाबलं, पेटीवर हात ठेवून वाट पाहिली आणि 'आण' लिहिलं.

दोन पीप.

सचिव नुसते मागे रेलले. मी गजाला तोंड लावून म्हटलं, "सर, तो..." सर न वळता म्हणाले, "केमकर, गप बस. न्हाईतर गेटाबाहेर जा." मी त्यांना आधी सांगायला हवं होतं की परक्या माणसाचा पेनड्राइव्ह घेऊ नका. तेवढं एकच सांगायचं राहिलं होतं. कारण आम्हा दोघांच्याही मनात पेनड्राइव्ह म्हणजे मी करून दिलेला तो एकच होता.

सरांनी मशीन बंद केलं. खिशातून स्वतःचा पेनड्राइव्ह काढून लावला. पुन्हा पीप, पुन्हा कानडी आकडे, पुन्हा 'आण'. एक पीप. पुन्हा बंद, पुन्हा सचिवांचा. दोन पीप. कपाळावरून घाम गळत होता, तो पुसायला त्यांनी हात उचलला नाही. मग ते सचिवांचा पेनड्राइव्ह काढून दोन बोटांत धरून फिरवू लागले. "किती जीबीचा हाय, सायब?"

"चौसष्ट."

"मग ह्यो हितं चालायचा न्हाय. आमच्या यंत्राचं तोंड दोन जीबीचं हाय." त्यांनी स्वतःचा पेनड्राइव्ह पुढे केला. "हितं येणाऱ्यानं हितल्या मापात यायचं. ह्यात घालून आणा."

सचिव उठले. मला वाटलं आता संपलं. पण ते गेले ऑफिसात, आणि पाच मिनिटांनी तोच पेनड्राइव्ह घेऊन परत आले. एक माणूस म्हणून मला ते त्या दिवशी आवडले. सरांनी चौथ्यांदा सगळं केलं. एक पीप आली. मग त्यांनी फाइल लोहाराकडे धाडली आणि लोहार ठोकायला लागला. एवढा सुंदर गोंगाट मी त्याआधी ऐकला नव्हता.

पहिलं पान बाहेर आलं. सरांनी ते ओढून घेतलं, बोट फिरवलं, दोन ओळी मोठ्याने वाचल्या. मग पान सचिवांपुढे धरलं. "वाचा की, सायब."

सचिवांनी पान हातात घेतलं. सुलटं आहे की उलटं हेही त्यांना कळेना. "मला नाही येत," ते म्हणाले.

"व्हय की," सर म्हणाले, "पण तुमाला येत न्हाय म्हणून आमी तुमाला भंगारात घालत न्हाय."

सचिव हसले. आधी थोडे आणि मग चांगलेच. मशीन राहिलं, लोहार राहिला, ऐकण्याचं ग्रंथालय शेजारच्या खोलीत झालं. पुढच्या काही वर्षांत सरांनी किती पुस्तकं ठोकली ते मी मोजलं नाही. निवृत्त झाल्यावरही ते रोज यायचे, वर्ग नसल्यामुळे उलट जास्त वेळ. मी महिन्या-दोन महिन्यांनी चक्कर टाकायचो. दुरुस्तीला काही नसलं तरी टाकायचो. ते मला नव्या प्रकरणाचं पान द्यायचे आणि म्हणायचे, शिक की. मी प्रत्येक वेळी पुढच्या महिन्यात म्हणायचो.

सर गेले ते गावाकडे, उन्हाळ्यात. मला कळलं चार दिवसांनी, तेही दुसऱ्याच कुणाच्या फोनवर. मी अंत्यविधीला नव्हतो, याची टोचणी अजून जात नाही. दुकानात बसून मी त्या दिवशी एकाही गिऱ्हाइकाला फेकून द्या म्हटलं नाही, पण त्याने काय होणार होतं? माणूस गेला होता, आणि मला वाटलं आता ते मशीनही गेलंच. आवाजाशिवाय ते चालवणारा दुसरा कोण होता?

दिवाळीनंतर शाळेतून फोन आला. बाईंचा आवाज होता. सरांच्या जागी आलेल्या, करमाळ्याच्या. मशीन चालू होत नाही म्हणाल्या. मी गेलो. बाईही अंध होत्या, तिशीच्या आसपास, बोलणं थोडं. मशीनचा पॉवर सप्लाय जळला होता. तो मी बदलला आणि सवयीप्रमाणे कीबोर्ड पुढे ओढून म्हणालो, "बाई, आता मी तुम्हाला चालू करून देतो. हे जरा किचकट आहे. पेनड्राइव्ह लावला की आवाज जातो, मग..."

"थांबा," बाई म्हणाल्या.

त्यांनी टेबलाच्या कप्प्यातून एक जाड कागद काढला. कडा मऊ पडल्या होत्या. माझ्या डोळ्यांना तो कोरा होता. मी तो मागून घेऊन खिडकीच्या उजेडात तिरपा धरला, तेव्हा नुसते ठिपके दिसले, ओळीमागून ओळ, पान भरून. सरांनी सगळं लिहून ठेवलं होतं. इतकी वर्षं मी त्या खोलीत येत होतो आणि हा कागद कधी झाला ते मला माहीत नव्हतं. मी विचारलं, "काय लिहिलंय?" बाई बोट फिरवत वाचू लागल्या. पहिली पीप झाली की सावकाश दहा मोजा. दोन दाबा. हात पेटीवर ठेवा, थांबलं की 'आण' लिहा. परक्याचा पेनड्राइव्ह घेऊ नका, आपला द्या. दोन पीप झाल्या तर घाबरू नका, बंद करा, पुन्हा करा.

वाचून झाल्यावर त्यांनी कागद बाजूला ठेवला, खुर्ची पुढे घेतली आणि माझ्या हाताखालून कीबोर्ड काढून घेतला. पेनड्राइव्ह लावून मशीन चालू केलं. त्या मराठीत मोजत होत्या. एक पीप आली, आणि पाठोपाठ लोहार ठोकायला लागला, तेव्हा मी अजून तिथंच उभा होतो, स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन.

बाईंनी त्या गोंगाटातून मान वळवली. "झालं, दादा," त्या म्हणाल्या, "तुम्ही निघालात तरी चालेल."

मी निघालो. त्या शाळेच्या फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला गाडी लावून मी बराच वेळ रडलो, आणि माझी गरज कुणाला उरली नाही याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.